दामूअण्णांचं सार

"गेलं! गेलं हो, हातचं गेलं!"

शेजारच्या घरातून ही आरोळी आली तेव्हा मी भाकरी थापत होते. मिरजगावात आमचं बिऱ्हाड नुकतंच लागलं होतं. शाळामास्तरांची नवी बायको म्हणून गाव मला ओळखायला लागलं होतं, मी मात्र अजून कोणालाच ओळखत नव्हते. तरी पिठाच्या हातांनी तशीच धावले. बघते तर चुलीपुढे पंचा नेसलेले एक गृहस्थ हातात पळी धरून उभे. चेहरा असा, की मी आजूबाजूला प्रेत शोधायला लागले.

"कोण गेलं?" मी विचारलं.

"सार," ते म्हणाले. "मीठ दोनदा पडलं."

हे दामूअण्णा. बोलत होते माझ्याशी, पण तोंड आतल्या खोलीच्या अर्धवट उघड्या दाराकडे. आवाज असा, की वेशीवर ऐकू जावा. मला वाटलं, कानांनी कमी असतील.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच आरोळी. मोहरी जळून कोळसा झाली होती. मग एकदा गूळ इतका पडला, की सारात जिलबी सोडावी. एकदा तिखट. एकदा हळद अशी, की हळदीला बसलेली नवरीसुद्धा फिकी वाटली असती. सार मात्र नेमानं टोमॅटोचंच. तेव्हा टोमॅटो म्हणायची पद्धत नव्हती. गावात त्याला भेदरं म्हणत. माझ्या सासूबाई बेलवांगी म्हणत आणि रंग मांसासारखा म्हणून घरात येऊ देत नसत. दामूअण्णांच्या परसात त्यांचे वाफेच्या वाफे होते.

त्या वाफ्यांना अण्णा न्हाणीचं पाणी घालायचे आणि घालता घालता रोपांना धीर द्यायच्या ऐवजी खचवायचे. "तुझं काही खरं नाही," एकाला म्हणायचे. दुसऱ्याला, "तू तर उद्याचा दिवस काढत नाहीस." इतकं ऐकूनही ती रोपं टपोऱ्या फळांनी वाकून जायची. त्यांची निराशा रोपांना खतासारखी लागू पडत असावी.

लढाईचे दिवस होते. साखर नाही, घासलेट नाही, बाजारात जे असेल ते महाग. सगळेच कुरकुरत, पण अण्णांची गोष्ट वेगळी. पाऊस पडला तर पिकं कुजणार, नाही पडला तर करपणार. लढाई हरलो तर मेलोच, आणि जिंकलो तरी आपल्याला कोण विचारतो? हे सगळं ते मन लावून, जराही न रागावता सांगायचे.

आणि हेच दामूअण्णा गावच्या दवाखान्यात कंपाउंडर होते! तिथे त्यांना पाहिलं तर दुसराच माणूस वाटे. पूड तोलताना श्वास रोखून धरायचे. बाटलीला डोसाच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवायचे ती अशी सरळ, की छापल्यासारखी. औषध देताना मात्र पुन्हा अण्णाच. एखादी म्हातारी विचारायची, "बरं वाटंल न्हवं, दादा?" हे म्हणायचे, "औषध दिलंय, बाई. पुढचं मला विचारू नका." तरी लोक त्यांच्याकडेच यायचे.

तराजूत चिमूटभर पूड इकडची तिकडे न होऊ देणारा माणूस घरी पातेल्यात मूठभर मीठ कसं टाकतो, हे मला कळेना. मी शिकवायला गेले. "तेल तापू द्या. मोहरी तडतडली की जिरं, मग कढीलिंब. भेदरं उकडून, गाळून घ्या. मीठ एकदाच, आणि चव बघून." अण्णा शहाण्या विद्यार्थ्यासारखे ऐकत होते. "बरोबर. अगदी बरोबर, मास्तरीणबाई." दुसऱ्या दिवशी पुन्हा, "गेलं! हातचं गेलं!" या वेळी जिरंच जिरं.

आमच्याकडे धुण्याभांड्याला सखूबाई यायची. तिच्याकडे अण्णांचंही काम होतं. ती म्हणाली, "लई वंगाळ हुतं वो बाई. मानूस एकटाच खातुया ते सार, डोळ्यात पानी येस्तवर. उरल्यालं काल म्हशीफुडं वतलं, तर तिनं त्वांड फिरवलं आन् माझ्याकडं अशी बगितली, जनू म्याच केलंय."

आमचे हे जेवताना म्हणाले, "माणूस रोज चुकतो, हे मी समजू शकतो. माझ्या वर्गात पुष्कळ आहेत. पण रोज नवीन चूक करायची म्हणजे त्याला डोकं लागतं."

आम्ही हसलो. तेव्हा ते हसण्यावारीच गेलं.

आतल्या खोलीत अण्णांची बायको असायची. यमुनाकाकू. मी हळदीकुंकवाला बोलवायला गेले तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. लुगडं स्वच्छ, वेणी घातलेली, भांग तेवढा वाकडा. पुरुषाच्या हातचा भांग होता तो. मी हाक मारली, कुंकू लावलं. त्यांनी लावू दिलं. बोलल्या नाहीत.

"त्येंची पोर गेली तापात," सखूबाईनं मग सांगितलं. "येवढी शानी पोर, सगळ्या आळीची लाडकी. तवापासनं काकू बोलत न्हाईत. रडल्याबी न्हाईत. कुनी म्हनतं अंगावरनं वारं गेलं, कुनी म्हनतं बाहेरचं हाय. अण्णा काय कराया न्हाई म्हनत्यात? देव झालं, डाक्टर झालं."

त्या पावसाळ्यानंतर मला हिवताप आला. दोन गोधड्या अंगावर घेऊनही दात वाजत होते. हे शाळेत गेलेले. अण्णा क्विनाइन घेऊन आले, आणि बरोबर झाकलेली एक वाटी.

"सार आहे. गरम आहे तोवर प्या. तोंडाला चव येईल."

मी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. भिडेखातर एक घोट घेतला आणि उठून बसले. इतकं सुरेख सार मी माझ्या आईच्या हातचंही प्यायले नव्हते. आंबटाला बेतानं गूळ, जिऱ्याचा वास, वर कोथिंबीर, आणि मीठ जिथल्या तिथे. वाटी संपल्यावर मी विचारलं, "अण्णा, हे कोणी केलं?"

अण्णा असे दचकले, जसं काही चोरी करताना सापडले.

"मीच," ते म्हणाले. मग दाराकडे बघून आवाज उतरवला. त्यांचा खालचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. कानांनी चांगले होते ते. "तिच्यासाठी रोज असंच करतो. आधी हे करून बाजूला ठेवतो. मग दुसरं पातेलं चढवतो आणि बिघडवतो. तिला बिघडलेलं कसं घालू?"

मला काही उमगेना. तापामुळे असेल असं वाटलं.

"आमची ठकी गेली, त्यानंतरची गोष्ट," अण्णा सांगू लागले. "मला स्वयंपाक येत नव्हता. खरंच येत नव्हता. एक दिवस फोडणी करपली. घरभर धूर. आणि आतून आवाज आला, 'अहो, मोहरी जळली, खाली उतरवा.' तिचा आवाज, मास्तरीणबाई! मी पातेलं तसंच टाकून आत पळालो. तर पुन्हा भिंतीकडे तोंड. पण बोलली. म्हणजे आहे, आत कुठेतरी आहे. मीठमोहरी अजून कळते तिला."

"म्हणून तुम्ही रोज..."

"रोज. निरनिराळं. एकच चूक सारखी केली तर सवय होईल ना तिला. एकदा मनात आलं, कल्हई नसलेल्या पातेल्यात करावं, सार कळकेल, ती ओरडेल. मग म्हटलं, नको. चूक करायची आहे, विष नाही."

"त्यानंतर कधी बोलल्या?"

"नाही," अण्णा म्हणाले. "आणि बोलेल असंही नाही. मला काही भाबडी आशा नाही, गैरसमज नको." वाटी उचलून ते गेले. उद्याचं काय बिघडवायचं, ते ठरवायचं असावं.

बरी झाल्यावर मीही त्यात सामील झाले. आरोळी आली की पदर खोचून जायची आणि दाराशी उभी राहून अण्णांना फैलावर घ्यायची. "अण्णा, काय हे! कोणी बाईमाणूस नाही का घरात सांगायला?" अण्णा कान धरायचे. सखूबाईसुद्धा म्हशीचं गाऱ्हाणं घेऊन उंबऱ्यात बसायची. आमचं तिघांचं नाटक त्या अर्धवट दारापुढे रंगायचं. आत खाट कुरकुरायचीदेखील नाही.

मग एकदा औषधांचा साठा आणायला अण्णांना नगरला जावं लागलं. सकाळच्या सर्व्हिस मोटारीनं जाऊन संध्याकाळी परतणार होते. काकूंचं जेवण माझ्याकडे सोपवलं. मी त्यांच्याच चुलीवर सार केलं, भात कालवला आणि ताट घेऊन आत गेले. खाटेपाशी बसले.

"गाडी गेली का गं?"

ताट माझ्या हातून पडता पडता राहिलं. काकू माझ्याकडे बघत होत्या. आवाज साधा होता. रोज बोलणाऱ्या बाईचा असतो तसा.

"गेली," मी कशीबशी म्हणाले. "काकू, तुम्ही बोलता! अण्णांना किती..."

"त्यांना सांगायचं नाही." त्यांनी माझं मनगट धरलं. "मला कळतं सगळं. त्यांचं मीठ, त्यांची मोहरी. दुसऱ्या पातेल्याचं झाकणसुद्धा ऐकू येतं मला. त्या दिवशी धूर झाला, तेव्हा चुकून बोलून गेले. नंतर दिवसभर तोंडात पदर धरून बसले."

"पण का, काकू? एक शब्द बोललात तर तो माणूस..."

"एकावर थांबणार नाही." त्यांनी माझं मनगट सोडलं. मला वाटलं, संपलं. मग म्हणाल्या, "डॉक्टर गावात नव्हते तेव्हा. ठकीला औषध ह्यांनीच तोलून दिलं. रात्रभर तिच्या उशाशी बसून होते. मी तोंड उघडलं ना, तर आज नाही उद्या तेच विचारीन. 'औषध बरोबर दिलं होतंत ना?' एकदा विचारलं की परत घेता येणार नाही. ते स्वतःला विचारत नसतील असं नाही. पण माझ्या तोंडून नको. म्हणून मिटूनच टाकलंय."

त्यांनी ताट ओढून घेतलं आणि सगळं जेवल्या. मी भांडी घासून घरी आले. ह्यांना काही सांगितलं नाही, सखूबाईलाही नाही.

दिवेलागणीला अण्णा आले. धुळीनं माखलेले, काखेत औषधांचं खोकं. आमच्या दारातच थांबले.

"जेवली?"

"जेवल्या. सगळं ताट."

"काही बोलली?"

मी दिव्याची काच पुसत होते. ती पुसत राहिले. "नाही, अण्णा."

"वाटलंच होतं," ते म्हणाले. मग कोटाच्या खिशातून एक पुडी काढून माझ्यापुढे उघडली. "नगरच्या बाजारात हिंग मिळाला. या दिवसांत असा मिळत नाही. बघा बरं, वासाला कसा आहे? करपला तर आतपर्यंत जाईल ना?"

मी पुडी नाकाशी नेली. डोळ्यांत पाणी येण्याइतका तेज होता.

"जाईल," मी म्हणाले. "आतपर्यंत जाईल."