हनीफभाईचे दोन ब्रश

हनीफभाई मिस्त्रीला छातीपर्यंत दाढी होती आणि शर्टाच्या खिशात दाढी करायचा ब्रश. एक नाही, दोन. डाव्या खिशात एक, उजव्या खिशात एक. बडनेरा रोडवरच्या त्याच्या शेडमध्ये नवा माणूस आला की आधी ब्रशांकडे बघायचा, मग दाढीकडे आणि मग माझ्याकडे. जणू खुलासा करणं माझीच जबाबदारी.

खुलासा असा. मी तेव्हा बोअर मारणाऱ्या गाडीवर मॅनेजर होतो. मॅनेजर म्हणजे बोअरला पाणी लागलं नाही की शिव्या खाणारा. वऱ्हाडात ती वर्षंच अशी, की विहिरींचे तळ दिसत होते आणि आमच्या गाडीला उसंत नव्हती. गाडीत इंजिन एकच. तेच रस्त्यावर चाकं फिरवणार आणि शेतात बोअरचं यंत्रही तेच चालवणार. इंजिनाची ताकद इकडून तिकडे वळवणारी लोखंडी पेटी गाडीच्या पोटाखाली असते. तिला ट्रान्सफर केस म्हणतात. तिचा गिअर हातानं पडत नाही, हवेनं पडतो. केबिनमधलं बटण दाबलं की टाकीतली हवा नळीतून सिलिंडरात जाते, दट्ट्या सरकतो आणि ‘टस्स’ करून गिअर पडतो. मधे कुठं जराशी हवा सुटली तर दट्ट्या अर्ध्यावर अडतो. मग गाडी धड रस्त्याची नाही, धड बोअरची नाही.

ही सुटलेली हवा शोधणं हा हनीफभाईचा धंदा. अकोल्याहूनही गाड्या यायच्या त्याच्याकडे. वाटीत साबणाचा फेस करायचा, गाडीखाली शिरायचं, डाव्या खिशातल्या ब्रशानं एकेक जोडाला फेस फासायचा आणि बघत पडायचं. फेस फुगला तिथं चोर.

“बुडबुडा खोटं नाई बोलत, भाऊ,” हे तो इतक्या वेळा म्हणायचा की मी घरी बायकोशी भांडतानाही म्हणून बसलो.

इंजिनाबद्दल त्याचं मत वाईट. “इंजनात काय ठेवलं हाय? जाळ अन् धूर! हवेले समजाले माणूस लागते.” एकदा कव्वालीत पेटीवाल्याला मधेच थांबवून त्यानं भात्याला फेस लावला होता. आमच्याकडे जेवायला आला तेव्हा कुकरला लावला. चोर सापडला, वरण मात्र त्या दिवशी झालं नाही.

पण बटण दाबायला त्याला शेषरावच लागायचा. शेषराव आमचा ड्रायव्हर, राहणारा भातकुलीचा. एक गाडीखाली, एक केबिनमध्ये.

“दाब बे शेष्या!”

“दाबलं ना बे! कानात बोळे घातले काय?”

असा त्यांचा संसार वर्षानुवर्षं चालला. मग शेषरावला लकवा मारला. उजवा हात आणि उजवा गाल गेला.

मालक नवा ड्रायव्हर ठेवा म्हणाले, तसा हनीफभाई माझ्याकडे आला. “कायमचा माणूस ठेवू नका, भाऊ. दोन महिन्यांत येते शेष्या.” हे दिवाळीला. होळी आली तरी त्याचे ‘दोन महिने’ उरलेलेच होते. शेवटी मालकांनी मला बजावलं, “तुम्ही स्वतः जाऊन बघा. जागा ठेवायची की भरायची, एकदाचं सांगा.”

त्याच आठवड्यात नांदगाव खंडेश्वरजवळ कुसुमकाकूंच्या संत्राबागेत गाडीचा गिअर अर्ध्यावर अडकला. बदली ड्रायव्हर गावात जेवायला गेला तो गेलाच. मी हनीफभाईला जीपमधून आणलं. त्यानं शर्ट काढून संत्र्याच्या झाडाला टांगला आणि बनियनवर गाडीखाली शिरला.

“मॅनेजर,” काकू म्हणाल्या, “मायी झाडं सुकून राहिली, अन् तुमची गाडी सावलीले बसली काय?”

मी अब्रू राखायला ड्रायव्हरच्या जागेवर चढलो.

“दाबा भाऊ!” खालून आवाज आला.

मी दाबलं. तो हॉर्न होता. तोही हवेवरच चालतो. बागेतले पोपट एकदम उडाले.

“बोअरचं बटण, भाऊ! वरातीचं नाई!”

काकू पदर तोंडाला लावून हसल्या. मी उतरलो, कारण खालून पुन्हा हाक आली, “ब्रश वरतीच राहिला. शर्टातून द्या.” मी झाडाकडे धावलो, हाताला आला तो ब्रश काढला आणि दिला.

थोड्या वेळानं चोर सापडला. वॉशर बदललं, मी या खेपेला योग्य बटण दाबलं. टस्स! दुपार कलताना बोअरला पाणी लागलं. काकूंनी मला मॅनेजरऐवजी बाप्पा म्हटलं आणि चहा पाठवला.

हनीफभाई मात्र हातातल्या ब्रशाकडे बघत उभा होता. ब्रशाचे केस ऑइलनं काळेकुट्ट झालेले. मी उजव्या खिशातला दिला होता. चहाला नेहमीसारखं नावही ठेवलं नाही, तेव्हा मी घाबरलो.

परत येताना बडनेऱ्यात त्यानं एका दुकानासमोर जीप थांबवायला लावली. ब्रश मऊ आहे का हे बघायला त्याच्या गालावर जागाच नव्हती, म्हणून माझा गाल घेतला. भर बाजारात.

“टोचते?”

“थोडा.”

“हा?”

“लग्न कोनाचं हाय?” दुकानदारानं विचारलं.

ब्रश घेतल्यावर हनीफभाई म्हणाला, “भातकुलीले घ्या.” मलाही तिथं जायचंच होतं.

शेषराव अंगणात खाटेवर बसला होता, दाढीचे खुंट वाढलेले. “दाढीले दुसऱ्याले हात लावू देत नाईत,” त्याची बायको म्हणाली. “सकाळपासून रस्त्याकडं पाहून राहिले.”

हनीफभाईनं वाटीत फेस केला, नव्या ब्रशानं त्याच्या गालाला लावला.

“फुगव बे शेष्या.”

शेषरावनं गाल फुगवले. डावा फुगला. उजवीकडे ओठांच्या कोपऱ्यातून हवा सुटली आणि फेसात एक बुडबुडा आला. हनीफभाईचा वस्तरा थांबला. गाडीखाली पडून बघायचा तसा तो बघत राहिला.

“अजून फुगव.”

पुन्हा तसाच आला.

“भाऊ,” माझ्याकडे न बघता तो म्हणाला, “पाहा बरं. मागच्या खेपेपेक्षा कमी हाय ना?”

मागच्या खेपेचा मी पाहिलाच नव्हता. समोरचा लिंबाएवढा होत चालला होता. शेषराव फुगवलेल्या गालानं माझ्याकडे बघत होता.

“कमी आहे,” मी म्हणालो. “निम्म्यानं.”

“मंग सांगा मालकाले,” हनीफभाई म्हणाला. “दोन महिने.” आणि वस्तऱ्याच्या एका फटक्यात त्यानं बुडबुडा पुसून टाकला.