आऊसाहेबांच्या नारळाची हकीकत

श्रीसागर साक्ष. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी, आदितवारी राजे धोंडजीराव समुद्रदर्शनास निघाले, त्याची हकीकत ऐसीजे. राजांचे साडू मानाजीराव यांणी गेल्या साली याच किनाऱ्याची नऊ ठिकाणे एका दिवसात पाहिली होती आणि प्रत्येक लग्नात पंक्तीस बसोन ते सांगत, म्हणोन राजांनी दहांचा विडा उचलिला. समागमे राणी सगुणाबाई आणि मातोश्री आऊसाहेब, वय बहात्तर, जन्म घाटावरचा, समुद्र कधी देखिला नाही. आऊसाहेबांनी घरचा नारळ पदराखाली घेतला होता. आपल्या हाते दर्यास द्यावा आणि पाय भिजवावे, येवढाच हेतु. आम्ही गाडी हाकीत होतो, सबब सर्व डोळा देखिले.

मग पहिल्या कड्यावर गाडी उभी राहिली आणि राजांनी समुद्राकडे पाठ करून मोबाइलात छबी घेतली आणि फत्ते म्हणोन परत बसले. आऊसाहेबांनी खाली जाऊ का पुसिले, तो राजांनी पुढे उतार सोपा आहे ऐसे वचन दिले. दुसरीकडे तेच, तिसरीकडे तेच. भोजनास वेळ नाही म्हणोन चालत्या गाडीत वडे खादले आणि सोलकढी आमच्या विजारीवर सांडली. काखेत कळसा आणि गावास वळसा! समुद्र दिवसभर हाताशी आणि म्हातारी कोरडी. आमचे मस्तक फिरले, परंतु चाकराने काय बोलावे.

दहावे ठिकाणी दिवस कलला. राजांनी छबी घेतली आणि कूच फर्माविले. तो आऊसाहेब खडकावर बसल्या आणि बोलिल्या, "धोंड्या, तू तुझी ठिकाणं मोज. मी पाय भिजवल्याबिगर उठत न्हाई." राजे खडक निसरडे आहेत सांगो लागले. मग राणीसाहेबांनी चपला काढिल्या आणि सासूबाईंचा हात धरिला, आणि आम्हीही गाडीची किल्ली खिशात घालोन दुसरा हात धरिला. पाणी घोट्यास लागले आणि आऊसाहेब हसल्या. नारळ लाटेने दोनदा परत आणिला, तिसऱ्यांदा घेतला.

परतताना राजांनी गाडीच्या स्पीकरवर साडूंस फोन लाविला आणि दहा जाहली ऐसे मोठ्याने कळविले. साडूंनी पुसिले, "आन् पाणी कसं हुतं? गार का कोमट?" राजे आपल्या कोरड्या बुटांकडे पाहात राहिले. मागोन आऊसाहेब बोलिल्या, "कोमट."

येणेप्रमाणे मोहीम जाहली. ठिकाणे दहा, राजांकडे. समुद्र आऊसाहेबांकडे. लिहिणाराची विजार अद्याप धुवावयाची आहे.