नर्सबाईची दहा पौंडाची बॅग

नर्सबाई भाजी घेत तं वांगे आधी काट्याले टांगून पाहत. काटा भाजीवाल्याचा नाही, त्यायचा स्वतःचा. बाळाले झोळीत घालून टांगतात ना, तो स्प्रिंगवाला. नोकरीतून रिटायर झाल्या, पण काटा काही सुटला नाही. भाजीवाला एक दिवस वैतागून म्हणे, "बाई, वांगे आहेत हे, लेकरू नाही." तं नर्सबाई म्हणे, "लेकरू असतं अन् एवढं कमी भरलं असतं, तं म्या डॉक्टरले बोलावलं असतं. टाक अजून दोन."

वजन पौंडातच सांगत. एकडाव त्यायनं मले फणस दिला अन् म्हणे, "साडेसात पौंड. शेवटच्या घरच्या शांतीची दुसरी पोरगी बरोबर एवढीच होती." आता सांगा, त्या फणसाले विळी लावाले माझा जीव कसा होईन? दोन दिवस तो तसाच कोपऱ्यात ठेवला.

माझी सुमी पोटात होती तवाच आम्ही नंदनवन वस्तीत राहाले आलो. आमचे हे कन्हानले खाणीत, शनवारी येत अन् सोमवारी पहाटे जात. बाकीचे दिवस मी अन् माझी सुमी. मी पहिल्यापासूनच भित्री. पाल चुकचुकली तरी मी भेतो, सुमीले उचकी लागली तरी भेतो, अन् भेली का धावत समोर नर्सबाईकडे. त्या दारातच हात आडवा करत. "आधी श्वास सोड, मंग बोल." श्वास सोडेपर्यंत मले आत येऊ देत नसत. अन् श्वास सोडला का अर्ध्या वेळा काहून आली हेच मी विसरून जाओ.

नर्सबाईनं आमच्या भागातले कितीतरी लेकरं घरोघरी जाऊन काढले होते. माझी सुमी बी त्यायच्याच हातची. दर लेकराची त्या एक चिठ्ठी लिहीत. दिवस, वेळ, वजन, रडलं का नाही. चिठ्ठी पाकिटात, पाकिटावर मायचं नाव, अन् पाकीट भिंतीतल्या कपाटात. कपाट भिंतीतच बसवलेलं, पाच खणाचं. कोणाचं पाकीट कुठं, तं नावावर नाही, तारखेवर बी नाही. त्या पायी ज्या रस्त्यानं फिरत त्या रस्त्यानं घरं लावलेले. चक्कीपासून सुरू, मंग हापशी, मंग चिंचेखालचे. तुम्हाले रस्ता माहीत नसला तं कपाटाचा काही उपयोग नाही.

त्या उन्हाळ्यात सुमीचं नाव शाळेत घालाचं होतं. गुरुजी म्हणाले, जन्माचा कागद आणा, नाही तं पुढच्या वर्षी. आमचे हे म्हणे, "पोरगीच तं आहे, जाईन पुढच्या वर्षी."  पण मले बी असंच पुढच्या वर्षी म्हणत म्हणत चौथीतून घरी बसवलं होतं. ते पुढचं वर्ष अजून आलं नाही. म्हणून सुमीचं ह्याच वर्षी झालं पाहिजे, एवढं एकच माझ्या डोक्यात.

मी चिठ्ठी मागाले नर्सबाईकडे गेली तं त्या कपाटासमोर बसून. खालच्या फळीवर वाळवीच्या मातीची रेघ.

"उधई लागली वं," म्हणाल्या.

मी कपाटाकडे धावली. "बाई, माझ्या सुमीची चिठ्ठी!"

"श्वास सोड."

"सोडला जी. चिठ्ठी काढून द्या ना."

"आता एक ओढली का पोखरलेली फळी बसन अन् रांग बिघडन. नवीन जागा होईन, तवा सगळ्या संगच निघतील. आता भिंतीचं कपाट नाही घेणार मी. भिंत काही आपल्या संग येत नाही. हातात धरून नेता येईन असं पाहिजे. भरून दहा पौंडाच्या वर नको. त्याच्याहून मोठं बाळ म्या कधी उचललं नाही."

झालं! इकडे शाळेची तारीख जवळ आली, तिकडे उधई खाऊन राहिली, अन् नर्सबाई बाजार पाहून राहिल्या.

पहिले टिनाची पेटी आणली. काट्याले टांगली तं काटा सर्रकन खाली. "हे तं रिकामंच जुळं आहे!" म्हणाल्या अन् वापस केली. मंग खांद्यावरचा झोला. त्याच्यात नुसतीच नावं लिहिलेली कोरी पाकिटं टाकून मले म्हणे, "चिंचेखालची कमला काढ. बाळ रडाच्या आत सापडली पाहिजे." मी एकेक अक्षर लावत लावत वाचलं. कमला काही निघाली नाही, निघाली किराण्याची यादी. मी म्हटलं, "बाई, मले कुठं धड वाचता येते? दुसऱ्या कोणाले बसवा." तं म्हणे, "तुले सापडलं तं कोणालेही सापडन. म्हणूनच तुले बसवलं." हे चांगलं बोलल्या का वाईट, मले अजून समजलं नाही.

कासाराची काचेच्या झाकणाची पेटी पसंत पडली होती. पण ती घेऊन घरापर्यंत येतो तं चार बाया मागं लागल्या, हिरव्या बांगड्या आहे का म्हणून. एकीनं तं हातच पुढं केला. नर्सबाईनं तिची नाडी पाहिली अन् म्हणाल्या, "रक्त कमी आहे, पालक खा." पेटी दुसऱ्या दिवशी वापस.

आठ दिवस गेले. मातीची रेघ दुसऱ्या खणाले आली. मी रोज सकाळी उठून आधी तेच पाहाले जाओ. शेवटी मी रडलीच. नर्सबाई पहिल्यांदा श्वास सोड म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "रिक्षा बोलाव. गांधीबागेच्या कापडबाजारात जाऊ."

गांधीबागेत ठोक कापडाच्या दुकानाचे एजंट असतात ना, गावोगाव कपड्याचे नमुने दाखवाले नेतात, त्यायची जुनी बॅग मिळाली. उघडली का चटईसारखी उलगडते, अन् आत रांगेनं खिसेच खिसे. दर खिशाले नाव लावाची पट्टी. नर्सबाईनं काटा पिशवीतून काढला, दुकानातच खुंटीले टांगला. दुकानदार म्हणे, "बाई, आमचा काटा आहे." नर्सबाई म्हणे, "तुमचा कापडाचा असन. हा माणसाचा आहे." चार पौंड भरली. मंग खिसे मोजाले बसल्या. दोनदा मोजले. "कमी आहेत. अजून एक रांग शिवून द्या." दुकानदारानं कपाळाले हात लावला, पण शिवून दिली.

घरी येऊन आम्ही कपाट खाली कराले बसलो. चक्कीपासून सुरू. मी पाकीट देओ, त्या खिशात घालत. दुसरं पाकीट हातात घेतलं तं हलकं. आत पाहिलं, काहीच नाही. तिसरं बी रिकामं. चौथं बी. माझा जीव उडाला.

"बाई, उधईनं खाल्लं जी सगळं!"

"नाही वं. उधई अजून फळीतच आहे, कागदापर्यंत नाही आली. लेकरायच्या माया घेऊन गेल्या."

"कवा?"

"शाळेच्या वेळी येतात, चिठ्ठी नेतात. मंग कोण येते वापस?"

"मंग रिकामी पाकिटं काहून सांभाळता? निम्मे खिसे लागले नसते."

नर्सबाईनं रिकामं पाकीट माझ्या हातातून घेतलं, खिशात घातलं, वरून हात फिरवला. "ही पायाळू होती. रात्रभर बसली म्या हिच्यापाशी. हिची जागा कशी काढू?"

मी पाकिटं देत राहिली. हापशी झाली, चिंच झाली. शेवटी माझं नाव आलं. त्यायनं पाकीट खिशात घातलं नाही, माझ्या हातात दिलं. "जा. शाळा सुटन."

चिठ्ठीत तारीख होती, वेळ होती, पावणेसात पौंड होतं. अन् खाली लिहिलं होतं, ते मी अक्षर लावून वाचलं. 'मुलगी लगेच रडली. आई घाबरट आहे. पण मुलीला हातातून सोडत नाही.'

गुरुजींनी तारीख वहीत उतरवली, सुमीचं नाव लिहिलं अन् चिठ्ठी मले वापस दिली. सुमीनं तिथंच दुसऱ्या पोरीची पाटी ओढून घेतली. मी एवढी खुश, का रस्त्यानं चालून राहिली का उडून राहिली, समजेना. घरी आली, ट्रंक उघडली, चिठ्ठी साडीच्या घडीत ठेवली. अन् मंग ट्रंक पुन्हा उघडली.

नर्सबाई दारातच होत्या. हात आडवा झाला.

"आता का झालं?"

"काही नाही जी. सुमीचं नाव लागलं. ही चिठ्ठी ठेवा. आमच्या घरी ठेवाले जागा नाही."

"एवढ्याशा कागदाले जागा नाही?"

"नाही जी."

त्यायनं हात काढला. बॅग उलगडली, न पाहता बोटानं खिसा शोधला अन् चिठ्ठी आत सरकवली. मंग चुलीवर चहाचं पाणी ठेवलं अन् फळीवरून दुसरा कप काढला. त्याच्यात बोटभर धूळ होती. त्यायनं तो दोनदा धुतला, पदरानं पुसला, अन् उजेडाकडे धरून पाहिला.