दोघांची पायवाट आणि अख्खी बिल्डिंग

समुद्रकाठची पायवाट, चार दिवस, आम्ही दोघं, आणि वाटाड्या कुणीही नाही! हा बेत मी एकट्यानं आखला आणि असा आखला की खेकड्यानंसुद्धा येऊन मला वाट विचारावी. रोजचा टप्पा, मुक्कामाची खोली, कुठल्या वळणावर ओहोटीसाठी थांबायचं, सगळं तोंडपाठ! मी लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. शाळेनं मला लवकर हाकललं, पण नकाशा वाचायला शाळा लागत नाही, डोळे लागतात. आणि सहलीच्या बसमध्ये स्वतःला मेंढरांसारखं कोंबून घेणाऱ्यांची मला चीड येते. स्पष्टच सांगतो!

बायको म्हणाली, "येते. पण आपण दोघंच. मला चार दिवस शांतता हवीय. तिसरं कुणी दिसलं की मी घरी."

"तिसरं? अगं, वारासुद्धा मला विचारून येईल!"

अडचण एकच. पायवाट टेकड्या चढते-उतरते, आणि आम्ही सातव्या मजल्यावर चढतो ते बोटानं! बटण दाबलं की वर. म्हटलं, "जिन्यानं सराव करूया."

"मग लिफ्टवाल्याशी लग्न कशाला केलं मी?"

म्हणून सकाळी गुपचूप मशीनरूममध्ये गेलो, स्विच पाडला आणि खाली पाटी टांगली: दुरुस्ती चालू आहे.

सेक्रेटरीनं लगेच कंपनीत तक्रार केली. कंपनीनं मला फोन केला.

"अरे, तुझ्याच बिल्डिंगची लिफ्ट बंद आहे म्हणे!"

"बघतोय साहेब! एक भाग मागवावा लागेल."

"कुठला?"

"मोठा आहे, साहेब!"

सराव झकास सुरू झाला. मी पाठीवर गच्च भरलेली सॅक घेऊन पुढे, बायको फणफणत मागे. आठवडाभर असं चाललं. मग एकदा तिसऱ्या मजल्यावर सेक्रेटरी आडवा आला.

"अरे देवा! लिफ्टची मोटर एकटाच वर नेतोय हा! धावा!"

दारं धडाधड उघडली. पाचव्या मजल्यावरच्या दाताच्या डॉक्टरांनी मला मागून खांदा दिला. सहाव्यावरचे रिटायर्ड हेडमास्तर "एक-दोन! एक-दोन!" ओरडायला लागले. नको नको म्हणतोय, तर म्हणे "लाजू नकोस!" पाय जमिनीला न लावता मी सातव्यावर पोचलो. लिफ्टनंसुद्धा मला इतक्या झटक्यात कधी नेलं नव्हतं!

"सांभाळून ठेवा रे, नाजूक असते!" मास्तर म्हणाले. आणि सॅक कलंडली. बूट, पाण्याच्या बाटल्या, नकाशा, सगळं फरशीवर.

डॉक्टरांनी नकाशा उलगडला. "या मोटरमध्ये तर समुद्र आहे!"

सेक्रेटरीच्या मिशा ताठ झाल्या. "लिफ्ट बंद आहे म्हणून चालतोयस, की चालायचं आहे म्हणून लिफ्ट बंद आहे?"

खरं बोलावं तर नोकरी जाते. बायकोकडे बघितलं, तर ती किडक्या दाताकडे बघावं तशी माझ्याकडे बघत होती. आणि जीभ घसरली!

"तुमच्यासाठीच सगळं! सगळ्यांना न्यायचा बेत होता! म्हटलं, आधी पाय तयार होऊ देत!"

वाटलं, चालायचं नाव काढलं की पांगतील. पण आठवडाभराच्या जिन्यानं ही मंडळी बिघडली होती हो! मास्तरांनी मांडीवर थाप मारली. "माझा गुडघा कुरकुरायचा थांबलाय. मी येणार!" डॉक्टर म्हणाले, "दवाखाना बंद!" सेक्रेटरीनं तर मला मिठी मारली. "आणि मी तुला लबाड समजत होतो!" आता त्या मिठीत राहून नाही कसं म्हणायचं?

घरात शिरताच बायकोनं विचारलं, "स्विच तुम्हीच पाडलात ना?"

"कशावरून?"

"एरवी लिफ्ट अडली की तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करता. या वेळी एक शिवी नाही!"

"चिडलीस?"

"छे! जा ना सगळ्यांना घेऊन. मी थांबते घरी." आणि गालात हसली. तिथेच मला कळायला हवं होतं!

सध्या आम्ही, म्हणजे बायको सोडून अख्खी बिल्डिंग, दुसऱ्या मुक्कामी आहोत. खोटं कशाला बोलू, धमाल चालू आहे! डॉक्टर वाळूत घसरगुंडी करतात, सेक्रेटरी लाटांना नियम शिकवतो, आणि दोघांसाठी घेतलेल्या, समुद्राकडे तोंड असलेल्या खोलीत मास्तर आपले मोजे वाळत घालतात.

संध्याकाळी मात्र राहवलं नाही. बायकोला फोन लावला.

"एकटी कंटाळली असशील. येऊ का परत?"

"खबरदार! अख्ख्या बिल्डिंगमध्ये चिटपाखरू नाही. गच्चीत पाय पसरून चहा पितेय. इतकी सुंदर सुट्टी जन्मात मिळाली नव्हती! अजून दोन दिवस वाढवा की!"

फोन बंद.

मास्तरांनी मोजे पिळत विचारलं, "काय म्हणतेय सूनबाई?"

"रडतेय हो," मी म्हणालो.