खांबाभोवतीचा चौकोन

"शुक्रवारी सकाळी एक चौकोन करून आण," फोरमन डेलने आश्लेषाला सांगितलं होतं.

विजेच्या तारांसाठीचा दहा फुटांचा एकच कॉन्ड्युट पाइप, त्याला चार काटकोन, आणि शेवटी दोन्ही टोकं समोरासमोर. कापायचा नाही, जोडायचा नाही, आणि जमिनीवर ठेवला की सपाट बसला पाहिजे. चौकोन जमला तर सोमवारपासून नव्या डेटा सेंटरच्या पाइप टीममध्ये. नाही जमला तर आणखी सहा महिने स्टोअरमध्ये स्क्रूंच्या पेट्या लावायच्या.

आश्लेषा पुण्याची, फिजिक्समध्ये एम.एस्सी. तिचा नवरा ऋषी व्हर्जिनियातल्या ॲशबर्नमध्ये क्लाउड सांभाळायचा. तिचं वर्क परमिट आल्यावर ओळखीतल्या प्रत्येकाने कोडिंगचा कोर्स सुचवला. तिला मात्र त्या क्लाउडला वीज कुठून येते हे स्वतःच्या हातांनी करून पाहायचं होतं, म्हणून ती इलेक्ट्रिशियनकडे ॲप्रेंटिस झाली. तारा ओढणं तिला लगेच जमलं. तारा ज्या पाइपमधून जातात तो वाकवणं जमेना.

मोहनकाका आणि मालिनीकाकूंच्या घराचं बेसमेंट आश्लेषा आणि ऋषीने भाड्याने घेतलं होतं. गुरुवारी संध्याकाळपर्यंत तिथे दहा पाइप वाया गेले. एकेका कोनात अर्ध्या अंशाची चूक झाली की चौथ्या कोनाला टोकं एकमेकांना चुकवून निघून जायची. आश्लेषाने प्रत्येक चूक वहीत लिहिली, तिची सरासरी काढली आणि दातओठ खात पाइप वाकवायच्या लांब दांड्याच्या बेंडरवर पुन्हा पाय रोवला. प्रत्येक कोनाला जमिनीवर धप्प असा आवाज व्हायचा.

मालिनीकाकू जिना उतरून आल्या. "अगं, वर माझी पोळी तव्यावर उड्या मारतेय. काय कुटतेस?"

"पाइप वाकवतेय, काकू."

"का? सरळ होता ना चांगला?"

काकूंना त्रास नको म्हणून आश्लेषाने नवी पद्धत शोधली. बेसमेंटच्या मधोमध घराचा भार घेणारा एक लोखंडी खांब होता. पाइप आणि बेंडर कार्पेटवर आडवे ठेवायचे, पाइप खांबाला टेकवायचा आणि दांडा आडवा ओढायचा. साधा तरफेचा नियम. आवाज नाही, जोरही कमी.

शुक्रवारी पहाटे उठून तिने शेवटचा, अकरावा पाइप घेतला. पहिला कोन नव्वद अंश. दुसरा नव्वद. तिसऱ्याला पाइप फिरवून पुन्हा खांबाला टेकवला. तिची नजर फक्त बेंडरवरच्या खुणेवर होती. चौथा कोन पुरा झाला आणि दोन्ही टोकं टिक् करून एकमेकांना भेटली.

"ऋषी! झालं!"

ऋषी डोळे चोळत आला. चौकोनाभोवती एक फेरी मारून म्हणाला, "परफेक्ट यार. पण खांब आतच ठेवायचाय का?"

आश्लेषाने पाहिलं. खांब चौकोनाच्या बरोबर मधोमध उभा होता.

आरडाओरडा ऐकून मोहनकाका चहाचा कप घेऊन खाली आले. रिटायर होईपर्यंत ते प्रोजेक्ट मॅनेजर होते. "ओके. ऑप्शन्स काय आहेत? वरून काढा."

"खांब छतापर्यंत आहे, काका."

"मग खालून."

"खाली व्हर्जिनिया आहे."

काकांनी खांबावर टिचकी मारली. "हा टेम्पररी हलवता येईल?"

"अहो, त्याच्यावर माझं किचन उभं आहे!" जिन्यावरून काकू ओरडल्या.

"टोकं फाकवू?" ऋषीने विचारलं.

"चारही कोन जातील."

"मग काप."

"कापायचा नाही म्हणून तर परीक्षा आहे!"

साडेसहा वाजले. सातला शिफ्ट. आश्लेषाने खांबासकट फोटो काढला, डेलला पाठवला आणि रिकाम्या हातांनी निघाली.

साइटवर डेल फोटो मोठा करून बराच वेळ पाहत राहिला. मागची पोरं खी-खी करत होती.

"हा खांब मी सांगितला नव्हता," तो म्हणाला.

"तो घरमालकांचा आहे. मला एक पाइप द्या, इथेच करते."

"वीस मिनिटं."

आश्लेषाने सवयीने खांब शोधला. डेटा सेंटरचे खांब काँक्रीटचे, कवेत न मावणारे. वहीही घरी राहिली होती. मग तिने डेलने पहिल्या दिवशी शिकवलं होतं तसं केलं. पाइप काँक्रीटवर ठेवला, बेंडरवर पाय रोवला आणि सगळं वजन टाकलं. धप्प. इथे कोणाची पोळी उडणार नव्हती. धप्प. धप्प. चौथ्याच्या आधी तिने एक डोळा मिटून पाइपच्या रेषेत पाहिलं. धप्प.

डेल गुडघ्यावर बसला. त्याने खिशातलं कार्ड चारही कोपऱ्यांखाली सरकवून पाहिलं. ते कुठेच शिरलं नाही.

"सोमवारी पाइप टीमकडे जा," तो म्हणाला आणि उठून गेला.

संध्याकाळी ती करवत घेऊनच घरी आली. खाली मालिनीकाकू व्हॅक्यूम करत होत्या. चौकोन कार्पेटवरून उचलून त्यांनी चार कोपऱ्यांखाली चार वाट्या लावल्या होत्या.

"तुझा पाइप नीट बसत नाही गं. तीन वाट्यांवर बसतो, चौथी रिकामीच."

"वाटी लहान असेल, काकू."

"एकाच सेटमधल्या आहेत. माझ्या रुखवतातल्या."

आश्लेषा खाली वाकली. वाट्यांची अदलाबदल केली. एक कोपरा दाबला की दुसरा उठत होता. चौथ्या वाटीवरून तिचं अख्खं बोट आरपार गेलं. आडवं ओढताना पाइपला पीळ पडला होता, आणि मऊ कार्पेटने तो दिवसभर पोटात घातला होता.

"म्हणजे हा खांबातून सुटला असता," ऋषी सावकाश म्हणाला, "तर तू हाच घेऊन गेली असतीस."

"आणि नापास झाले असते. डेलला कळायच्या आत कापून टाकते."

तिने करवत पाइपवर ठेवली, तेवढ्यात फोन वाजला. डेलचा मेसेज होता. सकाळचा फोटो, आणि त्यात एका कोपऱ्याभोवती लाल गोल.

"हा कोपरा वर उठलाय. खांबाचे आभार मान, आणि पुन्हा आडवं ओढू नकोस."