सासूबाईंनी कणा वाकवून पाहिला

डॉक्टरांच्या टेबलावर प्लास्टिकचे दोन कणे उभे होते आणि सासूबाई त्यांच्याकडे भांड्यांच्या दुकानात आल्यासारख्या बघत होत्या. एकाचे मणके पोलादी दांड्यांनी आवळलेले, दुसऱ्याचे लवचिक दांड्यांनी. डॉक्टर जीव तोडून समजावत होते. ताठ दांडी मणके घट्ट धरते, हलू म्हणून देत नाही. पण मग वाकण्याचा ताण वरच्या मोकळ्या सांध्यावर येतो. लवचिक दांडी थोडं हलू देते, भार वाटून घेते. पण तीही कधी सैल पडते. कुठली बसवायची ते पाठ बघून ठरवायचं, आणि मुळात बसवायची का, हेही.

शेवटचं वाक्य सासूबाईंनी कानाआड केलं. त्यांना ऑपरेशन हवंच होतं. मुलाने वेगळं घर बघून ठेवलं होतं आणि त्यांनी कंबर धरल्यापासून त्या घराचा विषय निघाला नव्हता. कंबर सुटली की मुलगा सुटला, एवढं शरीरशास्त्र त्यांना शाळेची पायरी न चढताही कळत होतं.

डॉक्टर एक्स-रे बघायला आत गेले. हात लावू नका, असं सून म्हणत होती. पण ज्या बाईने साधी पळीसुद्धा वाकवून बघितल्याशिवाय घेतली नाही, ती पाठीत घालायची वस्तू अशीच घेणार होय? सासूबाईंनी ताठ दांड्यांचा कणा गुडघ्यावर ठेवला आणि जळणाचं लाकूड मोडावं तसा दाबला. दांड्या तसूभर हलल्या नाहीत. वरचा मणका मात्र टणकन उडाला, सुनेच्या कानाजवळून गेला आणि कपाटाखाली शिरला.

सून लगबगीने खाली बसली, पण तिचा हात काही पुरेना.

"सरक. तुझ्याने पडलेली टाचणी निघत नाही."

आणि ज्यांना पलंगावरून उठवायला दोन माणसं लागत, त्या सासूबाई फरशीवर पालथ्या पडल्या, खांद्यापर्यंत हात घालून त्यांनी मणका ओढला आणि कशालाही न धरता टुणकन उभ्या राहिल्या. दारात डॉक्टर.

डॉक्टरांनी मणका हातात घेतला. "दांडी शाबूत, वरचा सांधा गेला. हेच सांगत होतो, आजी. फक्त याला लोकांना वर्षं लागतात."

"तुमचा मालच कच्चा," सासूबाई म्हणाल्या आणि आठवण होऊन त्यांनी कंबर धरली. जरा उशीरच झाला होता.

डॉक्टर म्हणाले, ताठ नको नि लवचिकही नको, खुशाल घरी जा. सासूबाईंनी कंबर आणखी घट्ट धरली. तेवढ्यात सुनेने खुर्ची पुढे ओढली. पट्टा तरी लिहून द्या, असं ती अजिजीने म्हणाली. सासूबाई तिच्याकडे बघतच राहिल्या.

"ते नवं घर आमच्या आईच्या दारासमोर आहे," सून हळूच म्हणाली. "तुम्ही बोलता आणि विसरता. ती बोलते आणि मग रडते. समजूत मी काढायची."

डॉक्टरांनी पट्टा साफ नाकारला. व्यायाम लिहून देतो म्हणाले. रोजचे, कुणीतरी समोर उभं राहून करून घ्यायचे.

"घरातलंच माणूस ना?" सुनेने विचारलं. "मग तसं लिहा."

बाहेर बाकावर मुलगा वाट बघत होता. दारापाशी सासूबाई थांबल्या, कमरेत वाकल्या आणि त्यांनी सुनेपुढे हात केला.

"धर मला. आणि तोंड पाड जरा, हसतेस काय?"