शनिवारचा ताळमेळ

माझ्या लग्नात साळवे सरांनी आहेर म्हणून फ्लॉपी दिली. सव्वापाच इंची, काळी, लवलवणारी ती वस्तू मांडवातल्या कुणी कधी पाहिलेली नव्हती. मामांनी तिनं वारा घेतला. आईनं तिला हळदकुंकू वाहिलं. सर पंगतीतून उठून धावत आले, फ्लॉपीकडं बघून म्हणाले, "गेली ही," आणि खिशातून दुसरी काढून माझ्या हातात ठेवली.

"परोगराम हाय. ताळमेळ. वाटलं तर बदला, पण काय बदललं ते मला कळवा."

माझ्या बायकोला वाटलं, नवऱ्याच्या ऑफिसात वेड्यांचा भरणा आहे. तेव्हा माझंही मत फारसं वेगळं नव्हतं.

आमची शिक्षण संस्था तशी बेताचीच. मुख्य ऑफिस परभणीला, शाखा गंगाखेडला, आणि खेड्यापाड्यांत दहा-बारा शाळा. नव्वद सालानंतर संस्थेनं हौसेनं दोन कॉम्प्युटर घेतले. एक परभणीला साळवे सरांपुढं, एक गंगाखेडला माझ्यापुढं. दोन्हींत शिक्षकांची तीच यादी. पण मी इकडं एखादी बदली चढवली की तिकडं तिचा पत्ता नसे, आणि तिकडं नेमणूक झाली की इकडं आम्ही अंधारात. दोन याद्या म्हणजे दोन जावा, बोलायचं नाव नाही. म्हणून सरांनी ताळमेळ लिहिला. दोन्ही याद्या शेजारी ठेवून इकडचं नवीन तिकडं, तिकडचं नवीन इकडं करणारा. एकाच शिक्षकाचा पत्ता दोन्हीकडं वेगवेगळा बदललेला असला, तर तो थांबून माणसाला विचारायचा.

"ते त्यानं ठरवायचं न्हाई," सर म्हणायचे. "मशीनला इमान असतंय, अक्कल नसते."

दर शनिवारी सर परभणीहून पॅसेंजरनं यायचे. हातात दोन पुडांचा डबा. खालच्या पुडात भाकरी-ठेचा, वरच्यात परभणीची यादी. गाडीच्या डब्यात कुणी लाऊडस्पीकर घेऊन चढला, की सर पुढच्या स्टेशनला उतरून दुसरा डबा गाठायचे. स्पीकरमध्ये लोहचुंबक असतं आणि लोहचुंबकानं फ्लॉपी पुसते, हे त्यांनी एका अख्ख्या भजनी मंडळाला समजावून सांगितलं होतं. शिपायाबरोबर पाठवा की, असं मी एकदा सुचवलं. "शिपाई कशाला? मी हाय की!" एवढंच म्हणाले.

शिक्षकांनी कुठून पदवी घेतली, असा एक रकाना यादीत होता. विद्यापीठाच्या नावाला सरांनी त्यात गरजेच्या दुप्पट जागा सोडली होती. एवढी कामून, म्हणून मी विचारलं.

"नाव लांबणार हाय, कदम. आज ना उद्या. आपण जागा करून ठिवलेली बरी."

विद्यापीठाच्या नामांतरासाठी सरांच्या वस्तीनं काय काय सोसलं होतं, ते मला ठाऊक होतं. मी पुढं काही विचारलं नाही, आणि सरांनीही लगेच चहा सांगितला.

ताळमेळ वाटायचं त्यांना व्यसनच होतं. फ्लॉपीबरोबर सगळ्या ओळी छापलेला कागदांचा गठ्ठाही द्यायचे, म्हणजे घेणाऱ्याला आत काय चाललंय ते वाचता यावं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मी चिडवलं की म्हणायचे, "आसंल. पण उघड्या मुठीतून चार जण घेत्यात." लातूर, नांदेड, हिंगोली, जिथं कॉम्प्युटर आल्याची खबर लागेल तिथं सर पोचत.

आणि लोक खरंच बदलून कळवायचे! पहिल्या वर्षी ताळमेळला एक विचित्र खोड होती. मी निवृत्त शिक्षकाचं नाव काढलं, तरी परभणीच्या यादीत ते असायचंच. ताळमेळला वाटायचं, हे तर नवीनच नाव, आणि तो इमानानं परत आणून बसवायचा. पिंगळीच्या निवृत्त हेडमास्तरांना तीनदा शिबिराचं बोलावणं गेलं. ते तिन्ही वेळा आले, जेवले, आणि आभाराचं भाषणही करून गेले. त्यावर लातूरच्या जाधव नावाच्या ऑपरेटरनं तोडगा पाठवला. काढलेल्या नावांची वेगळी वही ठेवायची, आणि तीही यादीबरोबर फिरवायची. सरांनी ऑफिसात पेढे वाटले आणि प्रोग्रामच्या डोक्यावर स्वतःच्या नावाच्याही वर जाधवांचं नाव घातलं.

त्यानंतर काढलेली नावं मुकाट जायला लागली. एक सोडून. एकशे बारा नंबर, शकुंतला खंदारे, चुडावा शाळा. मी दर आठवड्याला काढायचो, शनिवारी सर येऊन गेले की बाई हजर. सरांना सांगितलं तर म्हणाले, "बघतो."

शेवटी चुडाव्याच्या हेडमास्तरांची चिठ्ठी आली, "सदर बाई मयत आहेत. कृपया पुन्हा आदेश पाठवू नयेत." नेमके त्याच महिन्यात नवे सचिव आलेले. ते कडाडले, "मेलेलं माणूस ज्याला काढता येईना, तो कसला परोगराम? येत्या शनिवारपर्यंत दुरुस्त करा. न्हाईतर औरंगाबादच्या कंपनीचा घेऊ. त्यांचं सगळं फोनवरून होतंय, कुणी जायला नको अन् यायला नको."

 ताळमेळ गेला, तर सरांचं काय उरणार होतं? मी छापलेला गठ्ठा काढला आणि एकेक ओळ बोट ठेवून वाचू लागलो. दुसऱ्या दिवशी दुपारी सापडली. नंबर एकशे बारा असेल, तर काढलेल्यांच्या वहीकडं बघू नये, नाव घेऊ का म्हणून माणसाला विचारावं. आणि शेजारी टीप, "हे नाव राहू द्यावे."

म्हणजे ती चूक नव्हतीच. कुणीतरी मुद्दाम लिहिलेलं होतं, तेही सगळ्यांना वाचता येईल अशा जागी.

शनिवारी सर आले. मी कागद त्यांच्यापुढं सरकवला. त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं.

"माझी मंडळी," ते म्हणाले. "नोकरी लग्नाआधीची, म्हणून नाव माह्येरचंच राहिलं. बारा वर्षं ती चुडाव्याला, मी परभणीला. बदली काही झाली न्हाई. शनिवारी शाळा सुटली की मी जायचो. दोन वर्षं झाली तिला जाऊन." मग हसल्यासारखं करून म्हणाले, "तुमी नाव काढता न्हाई का? मग मशीन मला विचारतंय, नवीन नाव आलंय, शकुंतला खंदारे, घेऊ का? मी तुमाला चहा सांगायला धाडतो अन् 'हो' दाबतो. आठवड्यातून तेवढंच."

मी म्हणालो, "सर, मी सचिवांशी बोलतो."

"नगं. हा परोगराम आता माझ्या एकट्याचा न्हाई राहिला. माझ्या एका नावापायी लोकांचं काम कामून अडवायचं?"

त्यांनी ती ओळ स्वतः पुसली. ताळमेळ चालवला. त्या दिवशी मशीननं काही विचारलं नाही. सर डबा न उघडताच स्टेशनवर गेले, आणि मी मात्र खुर्चीतच बसून राहिलो. मला स्वतःचा राग येत होता. सचिव खूश झाले, कंपनीचा बेत बारगळला.

पंधरा दिवसांनी लातूरहून माझ्या पत्त्यावर फ्लॉपी आली. जाधवांनी छपाईत काही सुधारणा केली होती. सोबत पत्र होतं, "बाकी बदल वर लिहिले आहेत. एकशे बारा नंबरची ओळ कशासाठी आहे ते आम्हाला कळले नाही. आमच्या यादीत तो नंबरच नाही. पण सरांनी राहू द्यावे असे लिहिले आहे, म्हणून राहू दिली. नांदेड, हिंगोलीवाल्यांना विचारले, त्यांनीही तशीच ठेवली आहे."

शनिवारी मी ते पत्र सरांच्या हातात दिलं. त्यांनी ते वाचलं, परत वाचलं, आणि माझ्यासमोर, शिपायासमोर, हुंदके देऊन रडले. ज्या माणसांनी शकुंतलाबाईंना कधी पाहिलं नव्हतं, त्यांच्या तीन ऑफिसांत बाईंना काढायची मनाई होती.